यंत्राच्या हाती लेखणी देताना

संगणकाच्या आज्ञेबरहुकूम खरीखुरी लेखणी कागदावर फिरवून रेषा ओढणारा प्लॉटर काही आजकालचा नव्हे. अमेरिकेतील कॅलकॉम्प कंपनीचा ५६५ क्रमांकाचा प्लॉटर १९५९ साली बाजारात आला. पुढे अभियंत्यांचे नकाशे काढता काढता या यंत्राने कलावंतांनाही मोह घातला, आणि पॅरिसमध्ये व्हेरा मोल्नार यांनी १९६८ पासून संगणकाच्या साहाय्याने चित्रनिर्मिती आरंभिली. आजचे घरगुती छपाईयंत्र सूक्ष्म ठिपके मांडून रेषेचा आभास उत्पन्न करते. प्लॉटर मात्र रेषा खरोखर ओढतो, आणि म्हणूनच तिचे यशापयश लेखणी, शाई व कागद या तिघांच्या मेळावर अवलंबून राहते.

जुन्या दफ्तरातील कारकुनाचा बोरू कागदावर अडखळला की त्याचा हात आपोआप हलका होई आणि शाई फुटू लागली की हाताची चाल वाढे. यंत्राला अशी जाणती बोटे नाहीत. बिघडलेली रेषाही ते त्याच निष्ठेने शेवटास नेते. तेव्हा माणसाच्या बोटांत असलेले हे ज्ञान मोजून, आकड्यांत बांधून यंत्राच्या स्वाधीन करणे, हेच प्लॉटरच्या कॅलिब्रेशनचे मर्म होय.

प्रथम यंत्राचे स्वतःचे माप तपासावे. मोटारीच्या एका फेऱ्यास ३,२०० सूक्ष्म पावले पडत असतील आणि तेवढ्यात पट्टा ४० मिलिमीटर सरकत असेल, तर दर मिलिमीटरला ८० पावले हा हिशेब झाला. आता १०० मिलिमीटर अंतरावर दोन समांतर रेघा काढून घ्याव्यात आणि एकीच्या डाव्या कडेपासून दुसरीच्या डाव्या कडेपर्यंत मोजावे, म्हणजे लेखणीच्या जाडीचा घोटाळा मापात शिरत नाही. अंतर ९९.२ भरले, तर पट्ट्याचा ताण पाहून मगच ८० हा आकडा सुमारे ८०.६५ करावा. त्यानंतर २०० मिलिमीटर बाजूचा चौरस काढून त्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते प्रत्येकी २८२.८ न भरता परस्परांहून भिन्न निघाले, तर यंत्राचे दोन अक्ष काटकोनात नाहीत असे समजावे.

यंत्र खरे ठरले की लेखणीचा प्रश्न येतो. बॉलपेनचे टोक फिरण्यासाठी दाब आवश्यक असतो. उलट स्केचपेन व फाउंटन पेन यांना कागदाचा नुसता स्पर्श पुरतो, आणि जादा भार दिल्यास स्केचपेनचे टोक अल्पावधीतच चेपते. नळीच्या टोकाचे ड्रॉइंग पेन सरळ उभे, तर फाउंटन पेन तिरपे बसवावे लागते. लेखणीची उंची कागद ठेवण्याच्या पाटाच्या मध्यावर जुळवून भागत नाही, कारण पाट किंचितही कलता असल्यास एका कोपऱ्यात रेषा तुटते आणि दुसऱ्यात कागद खरवडला जातो. म्हणून चारही कोपरे तपासावेत, आणि कागदाची जाडी बदलली की ही तपासणी पुन्हा करावी. लेखणी टेकण्यापूर्वीच यंत्राचा हात चालू लागला तर रेषेचा आरंभ गळतो. टेकल्यावर तो फार रेंगाळला तर शाईचा डाग पडतो. या दोहोंमधला क्षण प्रत्येक लेखणीसाठी निराळा शोधावा लागतो.

गतीचेही तसेच आहे. ह्युलेट-पॅकार्डचा ७४७५ए हा सहा लेखण्यांचा प्लॉटर सेकंदाला ३८.१ सेंटिमीटरपर्यंत रेषा ओढू शके, तरी त्याच्या आज्ञाभाषेत प्रत्येक लेखणीस वेगळी गती नेमून देण्याची तजवीज होती. कारण शाई आपल्याच चालीने उतरते, आणि यंत्र तिच्यापुढे धावले की रेषा विरळ होते. उलट शोषक कागदावर मंदगती लेखणी शाई पसरवते. यामुळेच पेनवर ०.५ छापलेले असले तरी कागदावर तेवढीच जाडी उमटेल अशी खात्री नसते. एक मिलिमीटरपासून क्रमाने कमी होत जाणाऱ्या अंतरांवर समांतर रेघांचे गट काढावेत. ज्या गटात मधला पांढरा अवकाश लोपतो, ते अंतर म्हणजेच लेखणी व कागदाच्या त्या जोडीची खरी जाडी, आणि रंग भरताना हाच आकडा उपयोगी पडतो.

आता राहिला कागद. हातकागदाचे मोकळे तंतू निबेत अडकतात, तेथे फाउंटन पेनापेक्षा बॉलपेन भरवशाचे. शिवाय कागद हवेतील ओलावा घेऊन फुगतो, आणि तोही तंतूंच्या आडव्या दिशेने अधिक. म्हणून पावसाळ्यात अनेकरंगी काम असल्यास कागद आदल्या दिवशीच प्लॉटरच्या खोलीत आणून ठेवावा आणि सर्व रंग पूर्ण होईपर्यंत पाटावरून हलवू नये.

हे सारे आकडे स्मरणावर सोडू नयेत. लेखणी, शाई, कागद, उंची, गती, थांबण्याचा काळ आणि रेषेची जाडी यांची नोंद प्रत्येक जोडीसाठी त्याच लेखणीने, त्याच कागदावर यंत्राकडूनच लिहवून घ्यावी, आणि असा नमुना हाती आल्यावाचून चांगल्या कागदावर कामास आरंभ करू नये.