एका मूत्रपिंडाची वाट अडली असता

सिंगापूर बेटाच्या पूर्वेस, विमानतळाच्या बाजूस, चांगी बिझनेस पार्क या नावाची कचेऱ्यांची एक वसाहतच आहे. बँकांचे हिशेब आणि संगणकाची कामे तेथे चालतात. भारतातून गेलेले पुष्कळ तरुण, त्यांत मराठीही, तेथे नोकरीस आहेत. हे स्थळ विषुववृत्तापासून दीड अंशदेखील दूर नाही. बाहेर घामाच्या धारा लागतात, आणि आत यंत्राने गार केलेल्या हवेत तहानेची आठवणही होत नाही. गिरमिटावर उसाच्या शेतांत राबलेल्या आपल्या आज्या-पणज्यांची तहान निराळी होती. परंतु पाणी पोटात कमी गेले की मूत्र दाट होते, क्षार साकळतात व मुतखडा धरतो, हा देहाचा नियम शेताला आणि कचेरीला एकच आहे.

असा खडा मूत्रवाहिनीत घट्ट अडकला म्हणजे त्या बाजूच्या मूत्रपिंडाची वाट बंद होते. मग दुसरे काय करते?

वाचकहो, एका मूत्रपिंडावर मनुष्य जगू शकतो, ही गोष्ट आज सर्वश्रुत असली तरी ती एकदा सिद्ध करावी लागली होती. हायडेलबर्ग येथील शल्यवैद्य गुस्ताव्ह सिमोन यांच्याकडे एक स्त्री आली. पूर्वीच्या शस्त्रक्रियेत तिच्या मूत्रवाहिनीस इजा झाल्यामुळे मूत्र सतत पाझरत असे. सिमोन यांनी आधी कुत्र्यांचे एकेक मूत्रपिंड काढून पाहिले आणि मगच १८६९ च्या ऑगस्टमध्ये तिच्यावर शस्त्र चालविले. ती वाचली.

दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्यातला जेमतेम दीड लिटर मूत्ररूपाने बाहेर पडतो. एका बाजूची वाट अडली की तेथे दाब उलटा चढतो. पहिले तास-दोन तास त्या मूत्रपिंडाकडे रक्त उलट अधिकच धावते, पण पुढे त्याच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि गाळण्याचे काम मंदावत जाते. इकडे निरोगी मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या सैलावतात, त्याचा रक्तप्रवाह वाढतो, गाळणे वाढते. आठवड्यांमागून आठवडे गेले की ते आकारानेही मोठे होते. प्रौढपणी गाळणाऱ्या घटकांची संख्या मात्र वाढत नाही. प्रत्येक मूत्रपिंडात ते सुमारे १० लाख असतात, आणि आहेत तेच लांब व रुंद होतात. मूत्रपिंडदात्यांत हे स्पष्ट दिसते: उरलेले एकटे मूत्रपिंड काही काळाने दोघांच्या मिळून कामापैकी १०० त ७० भाग उचलू लागते.

या उदारपणातच धोका दडलेला आहे. मूत्राचे प्रमाण घटत नाही. रक्त तपासले तर क्रिएटिनिन बहुधा फारसे चढलेले नसते. दाब उतरला की कळही थांबते, आणि रोगी समजतो की खडा पडून गेला. आत एक मूत्रपिंड मुकाट्याने झिजत असते. ध्वनिलहरींच्या तपासणीत, म्हणजे सोनोग्राफीत, ते फुगलेले दिसते. कळ थांबल्यावरही ती तपासणी करावी ती याचसाठी. फ्रँक हिनमन या अमेरिकी शल्यवैद्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे मांडले, की निरोगी जोडीदार एकदा सारे काम अंगावर घेऊन बसला म्हणजे आजाऱ्यास पुन्हा उभे राहण्याची निकडच उरत नाही.

काळाचा हिशेब कुत्र्यांवरील प्रयोगांतून मिळाला आहे. पूर्ण अडथळा आठवड्याच्या आत दूर केल्यास कार्य परत येते; चार आठवड्यांनी सुमारे तृतीयांशच येते; सहा आठवड्यांनंतर जवळजवळ काहीच नाही. माणसात अडथळा बहुधा अर्धवट असतो, म्हणून ही मुदत लांबते. पण अडथळ्यासोबत ताप आला तर दिवस मोजीत बसू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे. तेथे मूत्रवाहिनीत बारीक नळी घालून, किंवा पाठीतून छिद्र पाडून, आधी साठलेल्या मूत्रास वाट करून देतात. खड्याचा विचार मागाहून. नळी ठरल्या मुदतीत काढून घ्यावी लागते. विसरून राहिली तर तिच्यावरच नवे खडे धरतात.