स्टॉक बोलेरोला मोठे टायर बसवताना

टायर थोडे मोठे घेतले की गाडी दणकट दिसते आणि कच्च्या रस्त्यावर पोटाला दगड कमी लागतात. सस्पेन्शनला हात न लावताही मोठे टायर बसतात, पण एका मर्यादेपर्यंतच. ती मर्यादा कशी ओळखायची, ते क्रमाने पाहू.

आधी टायरवरचा आकडा वाचा. बोलेरोवर बहुधा 215/75 आर15 असा आकडा दिसेल. 215 ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. 75 म्हणजे साइडवॉलची, अर्थात टायरच्या कडेच्या भिंतीची, उंची रुंदीच्या 75 टक्के. 15 हा रिमचा व्यास, इंचांत.

आता हिशेब करा. 215 चे 75 टक्के 161.25. भिंत वर आणि खाली अशी दोनदा येते, म्हणून 322.5. त्यात रिमचे 15 इंच, म्हणजे 381 मिमी, मिळवले की टायरचा पूर्ण व्यास 703.5 मिमी. याच रीतीने 225/75 आर15 चा व्यास 718.5 मिमी येतो, म्हणजे 2.1 टक्के जास्त. 235/75 आर15 चा 733.5 येतो, म्हणजे 4.3 टक्के जास्त. मूळ सस्पेन्शनवर वाढ 3 टक्क्यांच्या आत ठेवलेली बरी.

इथे अनेकांची एक समजूत चुकते. व्यास 30 मिमी वाढला तरी गाडी 15 मिमीच उचलली जाते, कारण वाढीचा निम्मा भाग चाकाच्या मध्याच्या वर जातो. चाकाच्या कमानीतली जागा तोच भाग खातो.

रिमची रुंदीही पाहा. ती रिमवरच कोरलेली असते. 235/75 आर15 ला साधारण 6 ते 8 इंच रुंद रिम लागते. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला तर तो मधोमध फुगतो आणि वळणावर गाडी डुलते.

लोड इंडेक्स, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो याचा सांकेतिक आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नको. 100 म्हणजे 800 किलो, 97 म्हणजे 730 किलो.

सगळ्यात जास्त फसगत होते ती चाचणीत. दुकानात सपाट फरशीवर, रिकाम्या गाडीत टायर कुठेच घासत नाही. तोच टायर घाटातल्या वळणावर, माणसे आणि सामान भरलेले असताना, आतल्या प्लास्टिकला लागतो. म्हणून आधी पुढची दोनच चाके बसवा आणि कमानीच्या आतल्या बाजूला खडू फासा. गाडीत माणसे बसवून स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवा, पुढे-मागे हळू चालवा, एक चाक उंचवट्यावर चढवा. खडू पुसला गेला तिथे टायर लागतो. ‘थोडं घासेल, मग बसेल’ हे मान्य करू नका. घासून साइडवॉल कापली गेली तर तिला भरवशाचे पंक्चर निघत नाही. टायर टाकूनच द्यावा लागतो.

235 बसवलात तर काटा 80 वर असताना गाडी पूर्वीपेक्षा सुमारे 4 टक्के जास्त वेगात असते. किलोमीटरही कमी मोजले जातात, म्हणून मायलेज प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. मीटरवरच्या अंतराला 1.043 ने गुणले की खरे अंतर कळते. पिकअप थोडा मंदावतो आणि चढावर एक गिअर खाली टाकावा लागतो.

स्टेपनी विसरू नका. मागच्या एका चाकाला लहान स्टेपनी लावून लांब गेलात तर डिफरन्शियलवर, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरच्या पेटीवर, सतत ताण येतो. म्हणून पाचही टायर एकाच मापाचे घ्या.

टायर बसल्यावर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करा. पहिल्या 50-100 किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या.

पैसे देण्यापूर्वी कागदपत्रांची बाजू पाहा. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 गाडीतल्या बदलांवर बंधने घालते, आणि वॉरंटी किंवा विम्याच्या दाव्यात माप बदलल्याचा प्रश्न निघू शकतो. कंपनीने आपल्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीला मोठे माप दिले असेल, तर आधी त्याचाच विचार करा. तसे नसेल आणि सर्व्हिस सेंटर व विमा कंपनीची हरकत नसेल, तर 225 वर थांबा. उंची साडेसात मिलिमीटरच वाढेल, पण भरलेली गाडी घाटात निर्धास्त वळवता येईल.