पगारापलीकडची भूक



दोन वर्षांपूर्वी आमच्या वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या मावशी काम सोडायला निघाल्या. मी म्हणालो, "मावशी, पगार वाढवून देतो, पण जाऊ नका." त्या म्हणाल्या, "सर, पगाराचं नाही. अकरा वर्षं चुलीपुढं उभी आहे. पोरी काय खातात, काय टाकतात, मला ठाऊक. पण काय शिजवायचं, हे मला कधी कोणी विचारलं?"

मी निरुत्तर झालो. माणूस काम कशासाठी करतो, हे समजून घेण्यासाठी त्यानंतर मी मानसशास्त्राची थोडी पुस्तके वाचली. त्यातले जे उपयोगी वाटले, ते आपल्यापुढे ठेवतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अब्राहम मास्लो यांनी 1943 साली माणसाच्या गरजांची क्रमवार मांडणी केली. आधी अन्न-पाणी-झोप, मग सुरक्षितता, मग आपुलकी, मग मानसन्मान आणि शेवटी अंगच्या गुणांना पूर्ण वाव. पोट रिकामे असताना मानाची चिंता फारशी सुचत नाही. पण पोट भरले की पुढची भूक जागी होते. मात्र एक गरज शंभर टक्के भागल्याशिवाय दुसरी उगवतच नाही, असे नाही, हेही त्यांनी तेव्हाच स्पष्ट केले होते.

आदिवासी भागात काम करणाऱ्या आपल्यासाठी एक गोष्ट विशेष आहे. ही मांडणी करण्याच्या पाच वर्षे आधी, 1938 च्या उन्हाळ्यात, मास्लो कॅनडातील अल्बर्टा प्रांतात ब्लॅकफूट आदिवासींमध्ये राहिले होते. तिथे त्यांनी पाहिले, की मान मिळतो तो साठवणाऱ्याला नव्हे, वाटून टाकणाऱ्याला. हाती पैसा नसलेल्या माणसालाही मान असतो, हे त्या लोकांना शिकवावे लागत नव्हते.

दुसरे नाव फ्रेडरिक हर्झबर्ग यांचे. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे 200 अभियंते व हिशेबनीस यांना विचारले: कामात फार आनंद कधी वाटला आणि फार वाईट कधी वाटले? 1959 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नाराजीची कारणे बहुधा कामाच्या भोवतालची होती: जाचक नियम, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा, पगार. आनंदाची कारणे कामाच्या आतली होती: काही साध्य झाले, कोणी दखल घेतली, जबाबदारी मिळाली. म्हणजे नाराजी दूर केली म्हणून उमेद आपोआप येत नाही. दोन्हींकडे वेगवेगळे पाहावे लागते. या निष्कर्षांवर पुढे टीकाही झाली, पण मावशींचे बोलणे मला त्यातूनच उलगडले.

इथे एक सावधगिरी हवी. "पैसा सर्वस्व नाही" हे वाक्य देणाऱ्याच्या तोंडी फार सोयीचे असते. "ही सेवा आहे" असे म्हणून आपण कामगारांचे वेतन थकवतो, सुट्टी नाकारतो. आमच्याकडेही पगार कधी पाच तारखेला, कधी वीस तारखेला होत असे. ज्याच्या घरी किराण्याची उधारी चढली आहे, त्याला सन्मानपत्र देऊन काय उपयोग? पहिल्या पायऱ्या आपण बांधायच्या, मगच वरच्या पायरीची भाषा बोलायची.

आम्ही दोन बदल केले. पगाराची तारीख पक्की केली आणि आठवड्याचा बेत ठरवण्याचे काम मावशींकडे सोपवले. त्यांनी आठवड्यातून तीन दिवस नागलीची भाकरी सुरू केली. ताटात टाकलेले अन्न कमी झाले. मावशी आजही आमच्यात आहेत, आणि बाजाराची यादी आता त्या सांगतात, मी लिहून घेतो.

आपल्या मंडळीतही झाडलोट करणारे, वाहन चालवणारे, मुलांना सांभाळणारे कोणी असेल. या आठवड्यात त्यांना दोन प्रश्न जरूर विचारा: तुमचा पगार वेळेवर होतो का? आणि हे काम अधिक चांगले कसे होईल, असे तुम्हाला वाटते?

मग उत्तर पुरते ऐकून घ्या.