ध्वनिफितींवरील आवाज संगणकावर घेताना : जोडणी, केबल व अर्थिंग यांचे काही तांत्रिक प्रश्न (विशेष संदर्भ : वर्धा जिल्हा)

प्रस्तावना

विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर दिलेली प्रवचने आज वाचावयास मिळतात, ती साने गुरुजींनी लिहून घेतली म्हणून. आवाज टिपण्याचे साधन तेव्हा सामान्य माणसाच्या हाती नव्हते. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने कॅसेट आणली आणि ही स्थिती पालटली. विनोबा १९७० पासून १९८२ मधील निर्वाणापर्यंत पवनारला राहिले, त्याच सुमारास टेपरेकॉर्डर मध्यमवर्गीय घरांत येऊ लागला होता. आष्टीच्या १९४२ च्या लढ्यातील एखाद्या साक्षीदाराची मुलाखत, गावच्या भजनी मंडळाची रात्र, आजीच्या जात्यावरच्या ओव्या यांपैकी काही कोणी त्या काळी कॅसेटवर घेतले असेल, तर ती फीत आज बहुधा त्या आवाजाची एकमेव प्रत आहे. बोलणारी पिढी जवळजवळ संपली आहे. अशी कॅसेट संगणकावर घेण्याचे काम आता अनेक विभागांकडे येते आणि ते बहुतेक वेळा बिघडते ते फितीमुळे नव्हे, तर चुकीच्या जोडणीमुळे. प्रस्तुत लेखात या जोडण्यांचे विवेचन केले आहे.

संकेताची पातळी

प्लग खोबणीत बसला म्हणजे जोडणी बरोबर झाली, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः एकाच आकाराच्या खोबणीतून अगदी भिन्न दाबाचे संकेत ये-जा करीत असतात. मायक्रोफोनचा संकेत काही मिलिव्होल्ट इतकाच असतो. घरगुती कॅसेट डेकच्या ‘लाइन आउट’मधून येणारा संकेत सुमारे ०.३ व्होल्ट, म्हणजे त्याच्या शंभरपट किंवा त्याहूनही अधिक असतो. लॅपटॉपला पुष्कळदा एकच ध्वनिखोबण असते आणि तिचा आत जाणारा मार्ग मायक्रोफोनसाठी बनविलेला असतो. तेथे डेकची तार लावली की आवाज फाटतो. पुढे कोणत्याही सॉफ्टवेअरने तो फाटलेला आवाज पूर्ववत होत नाही, कारण तरंगाचा माथाच कापला गेलेला असतो. शिवाय ही वाट एकमार्गी असल्याने स्टिरिओ कॅसेटची एक बाजू हरवते, आणि मायक्रोफोनला पुरवावयाचा अल्प विद्युतदाबही तिच्यातून बाहेर येत असतो. म्हणून ‘लाइन इन’ असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस घेणे हाच सरळ मार्ग होय. डेकला लाइन आउट नसल्यास हेडफोनच्या खोबणीतून, आवाजाचे बटण मध्यावर ठेवून, काम भागते.

जुन्या यंत्रांना पाच पिनांची गोल ‘डिन’ खोबण आढळते. तिच्यातील मधली २ क्रमांकाची पिन भूमीची, १ व ४ ध्वनिमुद्रणाच्या आणि ३ व ५ आवाज बाहेर देण्याच्या असतात. बाजारातील तयार तारेत ३ व ५ ऐवजी १ व ४ जोडलेल्या असल्या तर संगणकावर शांतता पसरते आणि यंत्र बिघडले असे मानून ते भंगारात निघते. मल्टिमीटरने तार तपासण्यास पाच मिनिटे पुरतात. ग्रामोफोनची गोष्ट आणखी वेगळी आहे. त्याच्या चुंबकीय सुईचा संकेत ५ मिलिव्होल्टच्या आसपास असतो व त्याला विशिष्ट समकारी ॲम्प्लिफायर लागतो. येथे त्याच्या तपशिलात शिरण्याचे कारण नाही.

गुणगुण आणि काळी माती

जोडणी झाली, आवाजही आला, पण मागे ५० हर्ट्झची संथ गुणगुण ऐकू येते, ही सर्वांत अधिक आढळणारी तक्रार होय. डेक किंवा ॲम्प्लिफायर एका भिंतीवरील तीन पिनांच्या प्लगवर आणि लॅपटॉप दुसऱ्या भिंतीवरील प्लगवर असेल, तर दोन्हींचे अर्थिंग इमारतीच्या तारांतून एकमेकांस मिळते आणि ध्वनितारेचे जाळीदार आवरण ते वर्तुळ पुरे करते. दोन ठिकाणच्या भूमीत किंचित जरी दाबाचा फरक असला तरी त्या वर्तुळातून प्रवाह वाहतो व संकेतात मिसळतो. परीक्षा सोपी आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवावा. गुणगुण थांबली तर दोष वर्तुळाचा. मग दोन्ही उपकरणे एकाच बोर्डावर घ्यावीत, किंवा ध्वनितारेत विलगकारी ट्रान्सफॉर्मर घालावा. अर्थिंगची पिन तोडून गुणगुण घालविण्याचा प्रकार मात्र सर्रास होतो आणि तो प्राणघातक ठरू शकतो.

याउलट, अर्थिंगच नसेल तर काय होते? चार्जरमधील गाळणीच्या धारित्रांमुळे उपकरणाच्या धातूच्या अंगावर मुख्य दाबाच्या जवळजवळ निम्मा दाब येतो, हाताला झिणझिण्या येतात आणि आवाजात किरकिर मिसळते. वर्धा जिल्ह्याच्या मोठ्या भागातील काळी कापसाची माती पावसाळ्यात ओल धरते, तेव्हा अर्थिंग चांगले मिळते. मे महिन्यात, तापमान ४५ अंशांच्या घरात गेले की तीच माती भेगाळते, इलेक्ट्रोडपासून सुटते आणि भूसंपर्काचा रोध वाढतो. पावसाळ्यात निर्वेध चाललेली जोडणी उन्हाळ्यात कुरकुरू लागल्यास केबल बदलण्यापूर्वी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालून पाहावे.

महागड्या केबलींचा प्रश्न

या विषयात विज्ञानापेक्षा जाहिरातच अधिक बोलते. डेकपासून संगणकापर्यंतच्या ३ मीटर तारेची धारिता साधारण ३०० पिकोफॅरड धरली आणि डेकचा बहिर्रोध १००० ओहम मानला, तर उच्च स्वर कमी होण्यास सुरुवात ५ लक्ष हर्ट्झच्या पुढे होते. मानवी कानाची मर्यादा २० हजार हर्ट्झ आहे. तेव्हा घट्ट बसणारा प्लग व चांगले जाळीदार आवरण एवढेच पाहावे. लाउडस्पीकरच्या तारेत मात्र जाडीला खराखुरा अर्थ आहे. १० मीटर अंतरासाठी जाण्या-येण्याची तार २० मीटर होते. ०.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध तेवढ्या लांबीला सुमारे ०.७ ओहम भरतो आणि ८ ओहमच्या स्पीकरकडे निघालेली जवळपास ८ टक्के शक्ती वाटेतच उष्णतेत जाते. घराच्या वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटरची साधी तार वापरली तर हा तोटा २ टक्क्यांच्या आत येतो.

केबलवर वाचलेला पैसा आणि वेळ हेडच्या कोनावर खर्च करावा. ज्या यंत्रावर कॅसेट भरली गेली त्याचे हेड किंचित तिरके असेल, तर दुसऱ्या यंत्रावर बोलणे दबलेले, कांबळ्याआडून आल्यासारखे ऐकू येते. हेडशेजारील बारीक स्क्रू अगदी थोडा फिरवून ‘स’, ‘श’ हे ऊष्म वर्ण स्पष्ट होईपर्यंत ऐकावे. हे प्रत्येक कॅसेटसाठी नव्याने करावे लागते, आणि संगणकावर घेण्यापूर्वीच. त्याआधी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे, कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही प्लास्टिक टॅब तोडावेत म्हणजे चुकून त्यावर काही मुद्रित होणार नाही, आणि फीत एकदा पूर्ण पुढे व मागे गुंडाळून घ्यावी. ध्वनी ४८ हजार हर्ट्झ, २४ बिट या प्रमाणात असंकुचित ठेवावा; स्टिरिओच्या एका तासाला सुमारे १ जीबी जागा लागते. मूळ कॅसेट त्यानंतरही टाकून देऊ नये. ती पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर न ठेवता घरातील सर्वांत थंड खोलीत, उभी, स्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवावी.