सुईचं मोजमाप आणि सॉफ्टवेअरची निवड
(लेखांक ६)

अॅटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपची सुई पृष्ठभागावरून ओळीमागून ओळ कशी फिरते, ते गेल्या आठवड्यात आपण पाहिलं. तिच्या फेऱ्यांतून जे हाती येतं त्याला सगळे ‘इमेज’ म्हणतात, पण मुळात तो उंचींचा तक्ता असतो. ५१२ ओळी आणि ओळीत ५१२ बिंदू घेतले तर २,६२,१४४ आकडे. सोनेरी-तपकिरी रंग मागाहून चढवलेला. हा तक्ता कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा, हा प्रश्न नव्या विद्यार्थ्याला किरकोळ वाटतो. माझ्या मते तो नमुना तयार करण्याइतकाच महत्त्वाचा आहे, कारण प्रबंधात छापली जाणारी उंची त्यावरही ठरते.

कच्चा तक्ता जसाच्या तसा वापरता येत नाही. नमुना जरासा कललेला असतो, तापमान बदललं की सगळंच हळूहळू सरकतं, एका ओळीची पातळी दुसरीशी जुळत नाही. म्हणून ओळी सपाट कराव्या लागतात आणि घोळ नेमका इथे होतो. समजा, काचेवर ५० नॅनोमीटर उंचीची, सपाट माथ्याची चकती आहे आणि एका ओळीचा पाव भाग तिने व्यापलाय. सॉफ्टवेअरने त्या ओळीची सरासरी शून्यावर आणली, की काच उणे १२.५ वर जाते आणि चकतीचा माथा ३७.५ वर येतो. चकती नसलेल्या शेजारच्या ओळींत मात्र काच शून्यावरच. चित्रात चकतीच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे उमटतात आणि पाहणारा त्यांना खड्डे समजतो! सरासरीऐवजी मध्यक घेतला, तर ओळीत काचच जास्त असल्यामुळे शून्य काचेवरच राहतं. चकतीवर मास्क टाकून ती हिशेबातून वगळली, तर त्याहून उत्तम.

तेव्हा सॉफ्टवेअर निवडताना पहिली चौकशी हीच करावी: ते आत कोणता हिशेब करतं हे सांगतं का, आणि मास्क वापरू देतं का?

या कसोटीवर मला ‘ग्विडियन’ सर्वांत पुढे वाटतं. चेक प्रजासत्ताकातल्या मापनशास्त्र संस्थेच्या आधाराने २००४ पासून ते विकसित होतंय. फुकट आहे, कोड खुला आहे, वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांच्या मूळ फाइली ते वाचतं आणि त्याच्या माहितीपुस्तिकेत सूत्रं दिलेली आहेत. माद्रिदचं ‘डब्ल्यूएसएक्सएम’ही फुकट आणि चांगलं, पण ते विंडोजसाठी आहे. ‘माउंटन्स-स्पिप’ विकत घ्यावं लागतं. रोज एकाच साच्याचे अहवाल काढणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेला ते परवडेल. यंत्रासोबत आलेलं सॉफ्टवेअर पहिल्या नजरेपुरतं ठीक.

‘इमेजजे’ कण मोजायला छान. पण त्यासाठी जेपीईजी करून घेतली, की उंचीचे आकडे जाऊन फक्त रंगछटा उरतात. त्या चित्रावरून खडबडीतपणा काढू नका.

कोणतंही सॉफ्टवेअर घ्या, मूळ फाइल हात न लावता जपून ठेवा. आणि सपाटीकरण कोणत्या पद्धतीने केलं, बहुपदी कितव्या घाताची घेतली, हे खडबडीतपणाच्या आकड्याशेजारीच लिहा. घात वाढवला की तो आकडा सहसा कमी होतो.

पुढच्या लेखात: सुईच्या टोकाचा आकार चित्रात कसा शिरतो.