बेचाळीस किलोमीटरचा दम

या रे पोरांनो, नीट मांडी घालून बसा. आज तुम्हाला पायांची गोष्ट सांगतो.

गोष्ट सुरू होते बेळगावात. तिथं फडेप्पा दरेप्पा चौगुले नावाचा एक तरुण होता. त्या काळी पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं धावण्याच्या शर्यती भरवल्या, तेव्हा खेड्यापाड्यांतली शेतकऱ्यांची पोरं अनवाणीच पळाली. त्यांचा दम पाहून उद्योगपती दोराबजी टाटा थक्क झाले. आपल्या देशातल्या मुलांना ऑलिंपिकला पाठवायचंच, असं त्यांनी मनावर घेतलं. १९२० साली फडेप्पा बेल्जियममधल्या अँटवर्पच्या ऑलिंपिकला पोचला आणि मॅरेथॉन धावला. मॅरेथॉनचं ठरलेलं अंतर ४२ किलोमीटर १९५ मीटर. त्या वर्षी तर ते अर्धा किलोमीटर जास्तच होतं. फडेप्पानं ते २ तास ५० मिनिटांत पार केलं आणि जगभरातल्या धावपटूंमध्ये १९वा आला.

बेचाळीस किलोमीटर म्हणजे किती? मुंबईत सीएसएमटीहून लोकलनं निघालात, तर ठाणं येतं ३४ किलोमीटरवर. त्याच्याही पुढं आणखी आठ किलोमीटर, आणि सगळं पायी, पळत!

आता मला सांगा, शंभर मीटरची शर्यत लावली तर आपल्या गल्लीतलं कुत्रं जिंकेल की तुम्ही? कुत्रंच जिंकेल. ससा, मांजर, घोडा, सगळे आपल्याला मागं टाकतील. चित्ता तर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच नाहीसा होईल. पण त्याच चित्त्याला काहीशे मीटरांनंतर धापा टाकत थांबावं लागतं. आपण मात्र बेताच्या वेगानं तासन् तास पळत राहू शकतो. निसर्गानं त्यांना वेग दिला आणि आपल्याला दम दिला.

काय म्हणालीस? हा दम शरीरात असतो तरी कुठं? छान विचारलंस. त्याची पहिली जागा आहे आपली कातडी.

पळताना स्नायूंमध्ये जेवढी शक्ती खर्च होते, तिच्यातली पाऊण तरी नुसती उष्णता होऊन बसते. ती बाहेर पडली नाही, तर माणूस तापून कोसळेल. कुत्रा ही उष्णता मुख्यतः जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो. आपल्या कातडीत घामाच्या वीस लाखांहून जास्त ग्रंथी आहेत आणि अंगावर दाट केस नाहीत. एक लिटर घाम अंगावरून वाळला, की साधारण ५८० कॅलरी उष्णता आपल्याबरोबर घेऊन जातो. आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातल्या सान लोकांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. ते भर दुपारच्या उन्हात कुडू नावाच्या मोठ्या हरणामागं तासन् तास पळायचे. हरीण दर वेळी झेप घेऊन पुढं जायचं, पण शेवटी तापून जागच्या जागी उभं राहायचं. पळणारा माणूस मात्र घाम गाळत तिथवर येऊन पोचायचा.

पण घाम वाळला तरच गारवा मिळतो, हे लक्षात ठेवा. मुंबईसारख्या दमट हवेत तो लवकर वाळत नाही, नुसता गळत राहतो. म्हणून तर मुंबई मॅरेथॉन जानेवारीत ठेवतात आणि पूर्ण मॅरेथॉनवाले अंधार असतानाच निघतात.

आता दमाची दुसरी जागा. प्रत्येकानं आपली टाच धरून पाहा. टाचेच्या वर पोटरीकडं जाणारं काहीतरी जाड, ताठ लागतंय ना? ती कंडरा. डॉक्टर तिला अकिलीस टेंडन म्हणतात. पाऊल जमिनीवर पडलं की ती ताणली जाते आणि पाऊल उचलताना आखडून बरीचशी शक्ती परत करते. मॅरेथॉनमध्ये अशी चाळीस हजारांच्या आसपास पावलं पडतात, तेव्हा ही बचत केवढी होत असेल! चिंपांझीला ही कंडरा जवळजवळ नाहीच. तुम्ही हसाल, पण आपलं ढुंगण एवढं मोठं आहे तेही पळण्याच्या कामाचं. तिथला स्नायू पळताना धड पुढं कोसळू देत नाही. डेनिस ब्रॅम्बल आणि डॅनिएल लिबरमन या दोन शास्त्रज्ञांनी २००४ साली अशा कितीतरी खुणा एकत्र मांडल्या आणि सांगितलं, की माणसाचं शरीर लांब पळण्यासाठीच घडत आलंय.

मग मॅरेथॉन इतकी अवघड का वाटते? आता नीट ऐका, गोष्टीतला खरा राक्षस इथं आहे.

आपल्या घरात डब्यात पीठ असतं आणि गावच्या घरी कणगीत धान्य. भूक लागली की डब्यातलं पीठ घेतलं आणि भाकरी थापली. कणगीतलं धान्य भरपूर असतं, पण ते काढायचं, निवडायचं, दळून आणायचं, म्हणजे वेळ जातो. शरीराचंही तसंच आहे. भात, भाकरी, बटाटा यांतली साखर शरीर स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन म्हणून साठवतं. हे झालं डब्यातलं पीठ. ते असतं जेमतेम अर्धा किलो, म्हणजे साधारण २००० कॅलरी. चरबी ही कणगी. एका किलो चरबीत तीन मॅरेथॉन होतील एवढी शक्ती असते, पण ती हळूहळू मिळते आणि तिला प्राणवायूही जास्त लागतो.

आता गणित करा. साठ किलोचा माणूस एक किलोमीटर पळाला, की साठेक कॅलरी जातात. दोन हजार भागिले साठ किती? तेहेतीस! म्हणजे नुसत्या पिठावर पळाल, तर तेहेतिसाव्या किलोमीटरला डबा रिकामा आणि शर्यत अजून नऊ किलोमीटर शिल्लक. खरं तर शरीर पहिल्यापासून दोन्ही थोडं थोडं वापरतं. पण सुरुवातीला जोशात सुसाट सुटलात, तर पीठ भराभर संपतं.

ते संपलं की काय होतं, ते धावणारे सांगतात. त्याला ते 'वॉल' म्हणतात, कारण समोर भिंत उभी राहिल्यासारखं होतं. आत्तापर्यंत हलके असलेले पाय शिशाचे होतात. मेंदूलाही साखरच लागते, त्यामुळं किती किलोमीटर उरले ही साधी वजाबाकी जमेनाशी होते. मोठमोठ्या माणसांना रडू येतं. मुंबई मॅरेथॉनच्या वाटेवर अनेक वर्षं नेमक्या याच टप्प्यात, परतीला, पेडर रोडचा चढ येत आलाय. कपाळावर वाळलेल्या मिठाची पांढरी रेघ, छातीवर टाचलेला नंबराचा बिब घामानं चिकटलेला, आणि माणूस एकेक पाऊल मोजत चढतोय. कडेला उभ्या असलेल्या अनोळखी मावश्या हातावर संत्र्याची फोड ठेवतात आणि ओरडतात, "चला, थोडंच राहिलंय!" त्या फोडीतली साखर थोडी, पण तो आवाज माणसाला चढ चढवतो.

शहाणे धावणारे या राक्षसाची तयारी आधीच करतात. शर्यतीआधी दोन-तीन दिवस पळणं कमी करून भात, बटाटे जास्त खातात, म्हणजे डबा काठोकाठ भरतो. वाटेत केळं किंवा साखरेचं जेल खातात. पाणी तहान लागेल तसंच पितात, कारण फार पाणी प्यायलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. पाठीवर झेंडा लावून ठरल्या वेळेनं पळणारा पेसर असतो, त्याच्यामागं राहतात आणि पहिल्या दहा किलोमीटरांत कुणी पुढं गेलं तर जाऊ देतात.

आणि सगळ्यात मोठी तयारी महिनोन् महिने चालते. रोज थोडं पळत गेलं, की स्नायूंत रक्ताच्या नव्या बारीक वाहिन्या फुटतात. पेशींमध्ये शक्ती तयार करणारी मायटोकाँड्रिया वाढतात आणि कणगीतलं धान्य वापरायची शरीराला सवय लागते. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, म्हणून मुरलेल्या धावपटूची नाडी निवांत बसल्यावर मिनिटाला पन्नासच्याही खाली येते. हे विकत मिळत नाही आणि एका आठवड्यात होतही नाही. नाशिककडच्या आदिवासी पाड्यातली कविता राऊत डोंगरवाटांवर पळत मोठी झाली आणि २०१६ साली रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली. तिचा दम असाच वर्षानुवर्षं साठत गेला होता.

तुम्हाला पूर्ण मॅरेथॉन धावायला अठरा वर्षांचं व्हावं लागेल, आणि ते योग्यच आहे, कारण तुमची हाडं अजून वाढतायत. पण दम कमवायला आजपासून कुणाची ना नाही. उद्या सकाळी मैदानावर या. एकमेकांशी गप्पा मारता येतील इतक्याच वेगानं पळा. बोलताना धाप लागली, की वेग कमी करा, पण पाय थांबवू नका. पहिल्या दिवशी एक फेरी झाली तरी पुष्कळ.