जोतिबाचा गुलाल आणि ‘हुबेहूब’चा गैरसमज

कोल्हापुरात शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात निसर्गचित्रं लागली, की जोतिबाच्या चित्रापुढे हमखास ऐकू येणारी दाद म्हणजे ‘अगदी फोटोच!’ दाद मनापासूनची असते. पण वास्तववादी चित्रांविषयीचे बहुतेक गैरसमज याच शब्दातून निघतात. चित्र फोटोसारखंच असेल तर ते विकत कशाला घ्यायचं, त्याचा भाव इंचावर का नको, आणि घेतल्यावर त्याच्या प्रती काढल्या तर बिघडलं कुठे, हे प्रश्न मग ओघानेच येतात.

जोतिबाचं वाडी रत्नागिरीचं देऊळ काळ्या दगडाचं आहे, असं आपण सहज म्हणतो. ती भिंत नीट बघा. सकाळच्या उन्हात ती करडी, थोडी तांबूस दिसते, सावलीत निळसर होते, आणि चैत्री यात्रेनंतर दगडाच्या खाचाखाचांत गुलाल बसलेला असतो. फरसबंदीवरचा गुलाल ऊन परतवतो, म्हणून सावलीतल्या दगडावरही गुलाबी झाक येते. तिथे ट्यूबमधला काळा रंग सरळ लावला तर भिंतीला भोक पडल्यासारखं दिसतं. जाणता चित्रकार निळा आणि तपकिरी मिसळून तो काळोख तयार करतो. पारदर्शक जलरंगात शिखरावरचं ऊन म्हणजे न रंगवलेला कागद. तो कुठे कोरा ठेवायचा हे पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, देण्याआधीच ठरवावं लागतं. तोवर ऊन सरकत असतंच. मग एका वेळची सावली धरायची, विजेचे खांब गाळायचे, यात्रेतली उंच सासनकाठी जरा पुढे घ्यायची. इतके निर्णय ज्यात आहेत, त्याला नक्कल म्हणणं चुकीचं आहे.

कॅमेरा आला आणि असल्या चित्रांचं काम संपलं, हा दुसरा समज. तो खोडायला कोल्हापूरइतकं चांगलं गाव नाही. इथले चित्रकार बाबूराव पेंटर यांनी स्वतः सिनेमाचा कॅमेरा घडवला, १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, आणि तरीही रंग-कुंचला सोडला नाही. अभिनेते चंद्रकांत मांढरे यांचं आयुष्य कॅमेऱ्यासमोर गेलं. राजारामपुरीतलं त्यांचं कलासंग्रहालय मात्र त्यांच्या निसर्गचित्रांसाठी ओळखलं जातं. कॅमेरा ज्यांना आतून ठाऊक होता, त्यांनाच तो पुरेसा वाटला नाही.

यावर आक्षेप येतो, की ही शैलीच मुळात इंग्रजांची. त्यात तथ्य आहे: १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूलमधून यथार्थदर्शन इथे रुजलं आणि कोल्हापूरचे चित्रकार आबालाल रहिमान तिथेच शिकले. पण शिकून आल्यावर त्यांनी रंगवले ते कोल्हापूरचे रंकाळा आणि कोटितीर्थ तलाव. आनंदराव आणि बाबूराव पेंटर तर कलाशाळेत न जाता नाटकांचे पडदे रंगवत तयार झाले. शंभर वर्षांहून अधिक काळ एका गावाने जोपासलेल्या हाताला परका म्हणणं मला पटत नाही.

वास्तववादी चित्राला बाजार नाही, हेही खरं नाही. राजा रवि वर्मांचं ‘यशोदा आणि कृष्ण’ २०२३ मध्ये मुंबईच्या लिलावात ३८ कोटी रुपयांना गेलं. कोल्हापुरात जन्मलेले चित्रकार म. वि. धुरंधर यांचं मोठं प्रदर्शन २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात झालं. अर्थात, या आकड्यांवरून आजच्या चित्रकाराचा भाव काढता येत नाही, आणि गुंतवणूक म्हणून चित्र घ्यावं असंही मी म्हणणार नाही. पण इंचावरचा भाव तर सगळ्यात फसवा. वीतभर कागदावरचा एक अचूक वॉश भिंतभर कॅनव्हासपेक्षा अवघड असू शकतो.

जलरंग उडतात, तैलरंग टिकतात, असंही ऐकू येतं. टिकाऊपणा मुख्यतः रंगद्रव्यावर, कागदावर आणि चित्र उन्हात टांगलंय का यावर ठरतो. इथेच जोतिबाचा गुलाल चित्रकाराची परीक्षा घेतो. ‘ऑपेरा पिंक’ हा झगझगीत रंग गुलालाला नेमका जुळतो, पण उजेडात लवकर फिकटतो. क्विनाक्रिडोनचे गुलाबी रंग जरा शांत, मात्र कितीतरी टिकाऊ. रंगद्रव्याचं नाव किंवा क्रमांक चांगल्या ट्यूबवर छापलेला असतो.

तेव्हा पुढच्या प्रदर्शनात चित्रकाराला हा रंग कोणता, कागद कोणता, हे मोकळेपणाने विचारा. जवळ भिंग ठेवा: छापील प्रतीत बारीक ठिपके दिसतात, मूळ जलरंगात कागदाच्या खळग्यांत बसलेले रंगाचे कण. चित्राचं नाव, माध्यम आणि वर्ष लिहिलेली सहीची पावती घ्या. आणि कॅलेंडरवर ते छापायचं मनात असेल तर आधी चित्रकाराची लेखी परवानगी घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र विकलं म्हणून त्याचे हक्क विकले जात नाहीत, आणि चित्रकाराच्या निधनानंतरही ते ६० वर्षं टिकतात.